बी450 बोर्डवर रायझन 5 5600 चालेल का?

खटपट्या: सध्या बी450 मदरबोर्ड, रायझन 3 2200जी प्रोसेसर, डीडीआर4ची 8 जीबीची एकच स्टिक आणि 450 वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. रायझन 5 5600 टाकायचाय, सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) एएम4च आहे. सोबत डीडीआर5 रॅम घेऊ का?

स्क्रूड्रायव्हर: प्रोसेसर बसेल, पण स्क्रीन काळीच राहील. 2200जीमध्ये ग्राफिक्स आतच आहे, 5600मध्ये नाही. मग बोर्डवरचं एचडीएमआय नुसतं शोभेला. कार्ड घेणार नसाल तर 5600जी बघा. त्याची एल3 कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) 32ऐवजी 16 एमबी, त्यामुळे पुढे कार्ड लावलंत तर गेममध्ये 5600च्या थोडा मागे पडेल. दोन्ही 65 वॉटचे, एसएमपीएस धड असेल तर पुरेल.

डीडीआर5 विसरा. एएम4 फक्त डीडीआर4 घेतं. स्टिकची खाच वेगळ्या जागी असते, जोर केलात तर स्लॉट जाईल.

थर्मलपेस्ट: आधी बायॉस (पीसी सुरू करणारा, बोर्डमधलाच प्रोग्रॅम) अपडेट करा, मग प्रोसेसर बदला. उलट केलंत आणि बायॉस जुनं असेल तर पीसी सुरूच होणार नाही. बोर्डच्या साइटवर सीपीयू सपोर्टची यादी असते, तिथे कुठली आवृत्ती लागते ते बघा. बोर्डवर छापलेली रिव्हिजनही (बोर्डची आवृत्ती) जुळवा. फाइल एफएटी32 पेनड्राइव्हवर टाकून 2200जी असतानाच अपडेट करा, यूपीएसवर. मध्येच लाइट गेली तर बोर्ड गेलाच समजा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा, प्रोसेसर बदलला की विंडोज ती मागू शकतं.

कूलर सरळ वर ओढू नका. एएम4च्या पिना प्रोसेसरला असतात; वाळलेल्या पेस्टला चिकटून तो सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. दहा मिनिटं पीसी चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

खटपट्या: 5600जीच घेतो. रॅम 8ची आणखी एक की 16ची एकच?

स्क्रूड्रायव्हर: 8च्या दोन. आतलं ग्राफिक्स याच रॅमवर चालतं, एकच स्टिक असेल तर रॅमचा एकच चॅनेल (डेटा जायचा मार्ग) चालतो आणि गेम अडखळतात. जुनी 2400 वेगाची असेल तर नवी 3200चीही तिच्याच चालीने चालेल, म्हणून परवडलं तर 3200ची जोडीच घ्या. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा. एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) बायॉसमध्ये जाऊन चालू करा, अपडेटनंतर ते बंद झालेलं असतं.