पेशीविरहित प्रथिननिर्मिती चालू-बंद करायला प्रकाश बरा की तापमान?

लायसेटवाला
ई. कोलाय जिवाणूच्या लायसेटमध्ये (पेशी फोडून काढलेल्या अर्कात) जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन बनवतोय. डीएनए घातला की गाडी सुटते ती ऊर्जा संपेपर्यंत. मधेच काही न मिसळता, बाहेरूनच ताबा ठेवायचाय. चमक मोजायची प्लेट रीडर यंत्रावर. जाणकारांनी कृपया सुचवा.

टी७प्रेमी
एकदाच चालू करायचंय का? मग फोटोकेज्ड, म्हणजे प्रकाशानं सुटणाऱ्या गटांनी अडवलेला डीएनए घ्या. अतिनील प्रकाश पडला की अडवणारे गट सुटतात आणि डीएनएवरून आरएनए बनवणारं पॉलिमरेज कामाला लागतं. परतीची वाट मात्र नाही.

लायसेटवाला
नाही, पुन्हापुन्हा चालू-बंद हवंय.

निळाई
मग ईएल२२२ हे प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन बघा. निळ्या प्रकाशात याचे दोन रेणू जोडीनं डीएनएला धरतात, अंधारात लवकरच सोडतात. पण हे ई. कोलायच्या स्वतःच्या पॉलिमरेजला बोलावतं, टी७ विषाणूच्या पॉलिमरेजला नाही. म्हणजे प्लाझ्मिड (जनुक वाहणारं डीएनएचं कडं) नवं बांधा. आणि जीएफपी आधी बदला! रीडर ते चेतवायला ४८५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश मारणार, म्हणजे मोजता मोजताच स्विच दाबला जायचा. एमचेरी हे लाल चमकणारं प्रथिन ५८७ला चेततं, ते बरं.

रायबोबा
एवढा खटाटोप कशाला? आरएनए थर्मामीटर वापरा. प्रथिन बनवणारा रायबोसोम बसायची जागा आरएनएच्या घडीत दडलेली असते, तापल्यावर घडी उकलते. साल्मोनेला जिवाणूतला फोरयू थर्मामीटर ३७ अंशांच्या आसपास उघडतो. जीएफपीही तेच चालेल.

मेख अशी, की ३० वरून ३७ला गेलात की लायसेटमधलं बाकी सगळंही बदलतं. त्यामुळे थर्मामीटर नसलेलं तेच जनुक दोन्ही तापमानांना शेजारी लावाच. त्याशिवाय आलेखावर माझा तरी विश्वास बसणार नाही.

निळाई
+१. आणि 'बंद' केल्यावर चमक उतरेल अशी आशा नको, बनलेलं जीएफपी तिथंच राहतं. उतरती रेघ हवी तर एसएसआरए ही खुणेची शेपटी जोडा, म्हणजे क्लिपएक्सपी हे प्रथिनं तोडणारं विकर ते तोडेल. लायसेटमध्ये ते कमी पडलं तर वरून घाला.

चुंबक्या
चुंबकीय कण आणि सतत दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र? कण स्वतःच तापतात.

रायबोबा
लिपिडच्या पिशव्यांमधून काही सोडायचं असेल तर मजा आहे. साध्या नळीत शेवटी तापमानच वाढवायचं, मग कण कशाला?

लायसेटवाला
थर्मामीटरच करतो. पण आमचा रीडर तापतो झटकन, निवतो रडतखडत.

रायबोबा
क्यूपीसीआर यंत्रात (डीएनए वाढवता वाढवता मोजणाऱ्या) लावा की! तापवणं, निववणं, वाचणं एकाच ठिकाणी, जीएफपी फॅम या हिरव्या चमकणाऱ्या रंगद्रव्याच्या चॅनेलवर दिसतं. फक्त झाकणाचं तापमान आधी उतरवा, ते बहुधा १०५ अंशांवर असतं.