सिकलसेलचंच उदाहरण घ्या ना

‘विद्यापीठातले पेपर कपाटातच राहतात, औषधं कंपन्याच काढतात’ हे मत मला अर्धंच पटलं. आपल्या विदर्भातला सिकलसेल बघा, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा रक्ताचा आनुवंशिक आजार. हा आजार असलेल्या नवजात बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी कमी असतात, हे डॉ. जेनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये टिपलं. कारण गर्भातलं हिमोग्लोबिन, ते पेशींना वाकू देत नाही. ते जन्मानंतर बंद पाडणारं बीसीएल११ए जनुक २००८ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी उलगडलं. तेच जनुक थोपवून ते हिमोग्लोबिन परत सुरू करणारा कॅसजेव्ही हा जनुकीय उपचार २०२३ मध्ये मंजूर झाला. म्हणजे पेपरमधून औषध निघालं, पण लागली तब्बल ७५ वर्षं! आणि अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. गडचिरोलीहून नागपूरला येणाऱ्या पोराला आधार हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूलचाच. तीही तेच हिमोग्लोबिन वाढवते, शिवाय स्वस्त आहे. निदान ती तरी त्याला गावाजवळच्या आरोग्य केंद्रात दर महिन्याला न चुकता मिळायला हवी.