मदत हवी आहे: अण्णांच्या कोल्ड कॉफीतल्या कॅलरी कशा कमी करू?

नमस्कार मंडळी,

आई गेल्यापासून, म्हणजे गेलं दीड वर्ष, मी आणि अण्णा रोज संध्याकाळी सोलापुरात सिद्धेश्वर तळ्याकडे फिरायला जातो आणि येताना सात रस्त्याजवळच्या एका कॅफेत बसतो. अण्णा ६६ वर्षांचे. जन्मभर घरच्या चहापलीकडे गेले नाहीत. मागच्या मे महिन्यात ऊन अगदी सोसवेना, तेव्हा मीच आग्रह करून कोल्ड कॉफी पाजली. ती त्यांना इतकी आवडली की आता रोजची झाली आहे. आणि तिथं बसले की ते बोलतात. आईबद्दल, जुन्या घराबद्दल. घरी दोन शब्द निघत नाहीत. म्हणून 'कॅफेत जाणंच बंद करा' असं कृपया सुचवू नका, ते मला करायचं नाही.

गेल्या महिन्यात रिपोर्ट आले. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२, वजन ८४ किलो. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ता नको, पण वजन उतरवा आणि साखर आवरा.

परवा काउंटरपाशी उभी राहून कॉफी कशी करतात ते नीट पाहिलं. आधी ग्लासाच्या आतून चॉकलेट सॉसच्या रेघा ओढल्या. मिक्सरमध्ये फुल क्रीम दूध, कॉफी, चार चमचे साखर, बर्फ. वरून आइस्क्रीमचा गोळा, आणि त्यावर पुन्हा सॉस. घरी येऊन हिशोब मांडला: दूध २०० मिली म्हणजे साधारण १७५ कॅलरी, साखर २० ग्रॅम म्हणजे ८०, आइस्क्रीम आणि सॉसचे मिळून पावणेदोनशेच्या आसपास. सव्वाचारशेच्या पुढे गेलं की हो! आणि मी जेवताना त्यांना 'दुसरी भाकरी नको' म्हणते. दोन भाकऱ्या तर त्या ग्लासातच होत्या.

'साखर नको' सांगून पाहिलं. अण्णांनी दोन घोट घेतले आणि ग्लास बाजूला सरकवला. काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी गप्पाही झाल्या नाहीत. मला फार लागलं ते.

तर सांगा, काय मागवू? चव राहील आणि कॅलरी निम्म्यावर येतील असं काही आहे का? साखरेऐवजी गूळ किंवा त्या बिनसाखरेच्या गोडीच्या गोळ्या चालतील का?

प्रतिसाद: जुळे सोलापूरकर
ताई, गुळानं फरक पडत नाही. साखर काय, गूळ काय, ग्रॅमला जवळपास ४ कॅलरी. मध थोडा कमी, पण तीही साखरच. गोळ्यांचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलंय की वजन कमी करण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये. जिभेची गोडाची सवयच उतरवलेली बरी.

प्रतिसाद: मशीनवाला
मी चार वर्षं कॅफेत मशीनवर होतो, म्हणून सांगतो. थंड पदार्थाचा गोडवा जिभेला कमी लागतो, त्यामुळे कोल्ड कॉफीत साखर जास्तच पडते. तुम्ही एका दिवसात सगळी काढलीत, तिथं बिनसलं. पहिले दहा दिवस चाराचे तीन चमचे, मग दोन, मग एक.

पण आधी आइस्क्रीम आणि सॉस काढायला सांगा, मोठा आकडा तिथं आहे. कॉफी मात्र दीडपट घालायला सांगा, नाहीतर पांचट लागते आणि माणूस पुन्हा साखर मागतो. दूध डबल टोन्ड आहे का विचारा. फुल क्रीममध्ये ६ टक्के स्निग्धांश असतो, डबल टोन्डमध्ये दीड. २०० मिलीमागे ८० कॅलरी तिथंच वाचतात, आणि कमी स्निग्धांशाच्या दुधाला फेसही छान येतो. फेस आला की अण्णांना ग्लास रिकामा वाटणार नाही. ओट मिल्कच्या नादी लागू नका, पैसे जास्त आणि कॅलरी टोन्ड दुधाएवढ्याच.

एक जपा: कॅफे प्रीमिक्स वापरत असेल तर साखर पावडरमध्येच असते, 'बिनसाखरेची' म्हणून उपयोग नाही. पाकीट दाखवा म्हणावं.

प्रतिसाद: फिल्टरवाली
थंडीत उडुपी हॉटेलात न्या की. फिल्टर कॉफीचा पेला लहान, एक चमचा साखर घातली तरी शंभराच्या आत. फक्त सातनंतर नको, म्हाताऱ्या माणसाची झोप उडते. आमच्या सासऱ्यांची उडायची.

मूळ धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. आज मशीनवालेदादांच्या सांगण्याप्रमाणे केलं. डबल टोन्ड नव्हतं, टोन्ड होतं. लहान ग्लास, आइस्क्रीम नाही, सॉस नाही, कॉफी दीडपट, साखर तीन चमचे. काउंटरवरच्या पोराला कारण सांगितलं तर त्यानं फेस अगदी काठापर्यंत आणला आणि वर चिमूटभर कॉफी भुरभुरली. हिशोबानं दीडशेच्या आसपास.

अण्णांनी चमच्यानं आधी फेस खाल्ला. म्हणाले, "आज कडक केलीय." मग आईनं गड्ड्याच्या जत्रेत हरवलेली चप्पल कशी शोधली ते सांगत बसले. ग्लास संपला होता.

दहा दिवसांनी दोन चमच्यांवर आणते आणि इथं कळवते. होटगी रोडच्या बाजूला डबल टोन्ड ठेवणारा कॅफे कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा.