तो 'काहीच करत नाही', मग तक्रार कशाची करू? (मदत हवी आहे)

रातराणी :
एरवी मी वाचनमात्र असते, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. वय २६, मूळची साताऱ्याकडची. कर्वेनगरला दोन मैत्रिणींबरोबर राहते, नोकरी हिंजवडीत.

कॉलेजात वर्गात एक मुलगा होता. तेव्हा नोट्सची देवाणघेवाण, एवढीच ओळख. मार्चमध्ये एका लग्नात भेटला, नंबर घेतला. आधी रोज 'जेवलीस का'. मी हां-हूं करायचे. मग लग्नाचं विचारलं. 'सध्या बिझी आहे रे, तसा विचार नाही,' म्हणाले. तरी थांबेना, म्हणून ब्लॉक केलं. तर यूपीआयवरून एकेक रुपया यायला लागला, खाली नोटमध्ये मजकूर. 'राग आला का?' 'आज निळा ड्रेस छान होता.' आतापर्यंत १७ रुपये झालेत. मैत्रिणी हसल्या, मीही हसले. पण निळ्या ड्रेसमधला फोटो मी कुठेही टाकलेला नव्हता.

गेल्या पंधरा दिवसांत तीनदा स्कूटीच्या पुढच्या हुकाला गजरा अडकवलेला मिळाला. पानात बांधलेला, दोरा अजून ओला. म्हणजे मी खाली यायच्या जरा आधीच कुणीतरी पार्किंगमध्ये होतं. वॉचमनकाकांना विचारलं तर म्हणाले, 'तुमचा भाऊ येतो की सकाळी.' मला भाऊ नाही.

चौकीत जाऊन आले. साहेब वाईट बोलले नाहीत, पण म्हणाले, 'धमकी दिली? हात धरला? शिवी? मग? हवं तर एनसी (म्हणजे अदखलपात्र नोंद) देऊन ठेवा.' मला उत्तरच देता येईना. घरी सांगायची सोय नाही. २०२३ मध्ये सदाशिव पेठेत भर दिवसा मुलीवर कोयता उगारला, तेव्हापासून आई धास्तावलेलीच आहे; हे ऐकलं तर मिळेल त्या एसटीने येऊन मला घेऊन जाईल.

हे कायद्यात बसतं का? आणि 'नाही' कसं कळवायचं? काहीही उत्तर दिलं की त्याला आनंदच होतो.

बाभूळबन :
एकदा चहाला भेटून शांतपणे समजावून सांगा ना. पोलिसांत गेलं की पोराचं करिअर जातं. गजराच ठेवलाय, दगड नाही मारला.

खडूस_काकू :
बाभूळबन, तुमच्या गाडीला रोज सकाळी अनोळखी माणसाने काही अडकवलं तर चहाला बोलवाल त्याला?
रातराणी, भेटायला अजिबात जाऊ नकोस. पुढचा गजरा फेकायच्या आधी जागेवरच फोटो काढ. सोसायटीत कॅमेरा असेल तर आजच सेक्रेटरींना लेखी दे, फुटेज फार दिवस राहत नाही. वॉचमनला त्याचा फोटो दाखव, हा भाऊ नव्हे म्हणून सांग. आणि फोनमध्ये मॅपवर कुणाला लोकेशन चालू राहिलंय का, व्हॉट्सॲपला दुसरं डिव्हाइस जोडलंय का, तेही बघ.

काळा_कोट :
बसतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. पूर्वी हेच जुन्या दंड संहितेत (आयपीसी) ३५४ ड होतं, २०१३ साली आलं. बाईने नको आहे हे स्पष्ट दाखवूनही पुरुष पुन्हा पुन्हा तिच्या मागावर राहतो, संपर्क साधतो किंवा साधू पाहतो, तर तो गुन्हा. धमकी किंवा हात धरणं लागत नाही. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे एनसीवर भागवायचं नसतं, एफआयआर व्हायला हवा. पहिल्यांदा दोषी ठरला तर ३ वर्षांपर्यंत कैद, पण जामीनपात्र. दुसऱ्यांदा ठरला तर ५ वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र. जामिनाचं आधीच सांगते, म्हणजे तो लगेच बाहेर दिसला तर खचणार नाहीस.

सगळं अडतं ते 'स्पष्ट' या शब्दापाशी. ब्लॉक केलंस ते तुझ्या बाजूचं, पण 'बिझी आहे'चा वकील काहीही अर्थ काढेल. एकच मेसेज कर : 'मला तुझ्याशी कुठलाही संपर्क नको आहे. मेसेज, पैसे, वस्तू पाठवू नकोस, घराकडे येऊ नकोस.' सॉरी नाही, कारण नाही. कारण दिलंस की तो कारणाशी वाद घालत बसेल. त्यानंतर एक अक्षरही नाही.

ते १७ रुपये परत करू नकोस. तारीख, वेळ, व्यवहार क्रमांक, सगळं बँकेच्या स्टेटमेंटवर आहे; पुरावा त्यानेच तुझ्या खात्यात जमा केलाय! अर्ज लेखी दे, पोच घे. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. एफआयआरला नाही म्हणाले तर तोच अर्ज पोस्टाने उपायुक्तांना पाठव, तशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. तो समोर येऊन उभा राहिला तर थेट ११२.

रातराणी :
कालच तो मेसेज शब्दशः पाठवला. दहा मिनिटांत अठरावा रुपया आला. नोट : 'अनब्लॉक केलंस, थँक्स.' हात थरथरत होते, पण स्क्रीनशॉट घेतला.

लोकेशन चालू नव्हतं. कॅमेऱ्यात दोन सकाळी तो स्पष्ट दिसतोय, तिसरीचं फुटेज गेलं. आईला सांगितलं. ती येतेय, पण न्यायला नाही, इथे राहायला. उद्या अकराला अर्ज द्यायला जाणार आहे, आईची एसटी दुपारनंतर पोचेल. काकू, तुम्ही कोथरूडच्या ना? चौकीत सोबत याल?

खडूस_काकू :
व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघ, नंबर दिलाय. साडेदहाला निघू. स्टेटमेंटच्या दोन प्रती काढ, एकीवर पोच घ्यायची आहे.