मदत हवी आहे: बाबांचे शोलावरमच्या रेसचे जुने निगेटिव्ह

नमस्कार मंडळी, आमच्या बाबांना आणि त्यांच्या दोस्तांना तरुणपणी रेसचं भलतंच वेड, नागपूरहून जीटी एक्सप्रेसने थेट मद्रास गाठायचे आणि तिथून शोलावरमला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर गाड्या-बाइक पळायच्या ते बघायला. प्रेक्षकांसाठी सोय म्हणावी तर फारशी काहीच नाही, वरून ऊन, तरी लोक तुटून पडायचे म्हणे. (आमच्या नागपूरकरांना उन्हाचं काय कौतुक म्हणा!)

तर आता कपाटातून निगेटिव्हची पाकिटं निघाली, ना तारीख ना नाव. बाबांना साल आठवत नाही, विचारलं की फक्त टू-स्ट्रोक इंजिनच्या धुराचा वास सांगतात. एका फ्रेममध्ये गवताच्या गंजीला टेकून उभी राजदूत ३५० बाइक दिसते, टाकीवर पांढऱ्या रंगाने हाताने काढलेला नंबर. ती गाडी आपल्याकडे १९८३ ला आली आणि मद्रासजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा नवा ट्रॅक १९९० चा, मग रेस तिकडेच गेल्या, म्हणजे मधलंच काहीतरी असावं. पण मागे एक सिंगल सीटर (एकाच माणसाची रेसगाडी) उभी आहे ती कोणती, ते काही कळत नाहीये. जुन्या रेसगाड्यांतलं कळणारं कोणी आहे का, फोटो पाठवतो.

दुसरं, निगेटिव्हवर बुरशीचे डाग आलेत. सीताबर्डी-धरमपेठकडे नीट साफ करून स्कॅन करून देणारं कोणी माहितीये का? एका स्टुडिओवाल्याने मोबाईलनेच फोटो काढून दिले न भाऊ, तसलं नको. कुरिअरने बाहेरगावी पाठवायची हिंमत होत नाही, इथलंच सांगा.