बेंबीवर नाणं बांधू का?

नेहा (बी ३०४): हसू नका, पण विचारतेय. परी साडेतीन महिन्यांची झाली. रडली की बेंबी लिंबाएवढी फुगून वर येते, गप्प झाली की आत. सासूबाई म्हणतात नाणं ठेवून पट्टी बांध. बांधू?

जोशीकाकू (ए १०२): बांध की. आमच्या थोरल्याला तांब्याचा पैसा बांधला होता. दोन वर्षांत बेंबी सपाट!

मंदार (सी ५०१): काकू, पैसा तुळशीत ठेवला असता तरी सपाट झाली असती.

सिस्टरमावशी (ए ४०३): नेहा, नाणं नको. अख्खी नोकरी लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात गेली माझी, पट्टीखाली चिघळलेल्या बेंब्या पाहिल्यात. हा बेंबीचा हर्निया. नाळ जिथून जाते तिथलं पोटाच्या भिंतीतलं भोक मिटायचं राहिलेलं असतं. चार-पाच वर्षांपर्यंत बहुतेकांचं आपोआप मिटतं. श्रेय तांब्याला जातं. फुगवटा मऊ आहे ना? बोटाने अलगद आत जातो ना?

नेहा (बी ३०४): हो, गुळगुळ आवाज करत जातो.

सिस्टरमावशी (ए ४०३): मग पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना दाखव, घाई नाही. पण जांघेत कधी गाठ दिसली तर वाट बघू नकोस. तो हर्निया आपोआप मिटत नाही, ऑपरेशनच लागतं.

जोशीकाकू (ए १०२): मुलींना कुठे होतो जांघेत?

सिस्टरमावशी (ए ४०३): होतो काकू. मुलांपेक्षा बराच कमी, पण होतो. मुलींमध्ये कधी कधी बीजांडकोषच त्यात येऊन बसतो.

सेक्रेटरी: सी विंगसमोर पांढरी गाडी कोणाची? टँकर आत येत नाहीये.

मंदार (सी ५०१): माझीच, काढतो. पण जांघेचं मावशी म्हणतात ते शंभर टक्के खरं. आमचा आठव्या महिन्यात जन्मलेला. दोन महिन्यांचा असताना उजव्या जांघेत गाठ दिसायची आणि जायची. ओळखीतल्या एकांनी सांगितलं, वर्षाचा होऊ दे, मग बघू. एका रात्री गाठ दगडासारखी झाली, आत जाईना, पोरगं किंचाळतंय, उलट्या. आतडं अडकलं होतं. डॉक्टरांनी आधी हलक्या हाताने ते आत सारलं, सूज उतरायला दोन दिवस दिले, मग ऑपरेशन. पाऊण तासात बाहेर. आम्ही मात्र ती रात्र विसरलेलो नाही.

सिस्टरमावशी (ए ४०३): लवकर जन्मलेल्यांत हा हर्निया जास्त, आणि तान्ह्यांत अडकायचा धोकाही जास्त. अशा बाळांना भुलीनंतर रात्रभर वॉर्डात ठेवतात, मध्येच श्वास थांबतो का ते बघायला.

श्वेता (बी ७०२): ग्रुपवर विचारू की नको असं झालंय. अकरा महिन्यांचा मुलगा, लस देताना डॉक्टर म्हणाल्या एकच गोटी खाली आहे. आजोबा म्हणतात वयात आला की उतरेल.

सिस्टरमावशी (ए ४०३): विचारायचं, त्यात लाजायचं काय! सहा महिन्यांपर्यंत उतरायची शक्यता असते, पुढे जवळजवळ नाही. ऑपरेशन साधारण सहा ते अठरा महिन्यांत उरकतात. पोटाच्या उबेत राहिली तर गोटी बिघडते, पुढे मूल होण्यावर परिणाम होतो. आजोबांना माझा नंबर दे. लहान मुलांच्या सर्जनलाच दाखव हं.

श्वेता (बी ७०२): खर्चाचं टेन्शन आहे.

सिस्टरमावशी (ए ४०३): अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ० ते १८ वयाच्या मुलांना तपासतं. पुढे कुठे पाठवतील, खर्चाचं काय, ते त्यांनाच विचार.

जोशीकाकू (ए १०२): आणि नातवाला काल उलटी झाली ती दात येण्याचीच ना गं?

सिस्टरमावशी (ए ४०३): रंग कोणता?

जोशीकाकू (ए १०२): दुधासारखी. आता खेळतोय.

सिस्टरमावशी (ए ४०३): मग बघा आजचा दिवस. हिरवी झाली, किंवा थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन रडायला लागला, शीमध्ये जेलीसारखं रक्त दिसलं, तर दात वगैरे विसरा. रात्रीचे दोन वाजले तरी निघा. आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. वेळेत गेलं तर बऱ्याचदा पोट न उघडता हवा किंवा पाणी सोडून सोडवतात.

नेहा (बी ३०४): आत्ता आंघोळ घालताना परीची जांघही नीट बघितली. काही नाही. नाणं सासूबाईंनीच परत डब्यात टाकलं.

जोशीकाकू (ए १०२): बरं, नाण्याचं राहिलं. डिंकाचे लाडू पाठवते, ते तरी चालतात ना सिस्टर?

सेक्रेटरी: मंदार, गाडी.