मदत हवी आहे: ॲपलॉकर लावलं, पण टीडीएसची युटिलिटी अडते

नमस्कार मंडळी. सांगली मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीचे बारा कॉम्प्युटर माझ्याकडे आहेत. विंडोज ११ प्रो, वर्कग्रुप. सर्व्हर नाही, आणि इंट्यूनचा (सगळे कॉम्प्युटर एका जागेवरून सांभाळायची मायक्रोसॉफ्टची सेवा) महिन्याचा खर्च शेठना नको आहे (विचारून झालंय).

सगळे स्टँडर्ड युजर, ॲडमिनचा पासवर्ड माझ्याकडेच. तरी पोरं ब्राउझर, पीडीएफ कन्व्हर्टर, वाट्टेल ते टाकतात. असले सेटअप ॲपडेटात (युजरच्या स्वतःच्या फोल्डरात) बसतात, पासवर्ड मागतच नाहीत. म्हणून लोकल पॉलिसीतून ॲपलॉकरचे (काय चालू द्यायचं ते ठरवणारी विंडोजचीच सोय) डीफॉल्ट नियम लावले (प्रोवरही आता चालतात): प्रोग्राम फाइल्स आणि विंडोज फोल्डरमधलं चालेल, बाकी बंद. ॲपलॉकरला लागणारी ॲप्लिकेशन आयडेंटिटी सर्व्हिस चालू आहे. आधी नुसत्या ऑडिटवर (अडवायचं नाही, फक्त नोंद) ठेवून इव्हेंट व्ह्यूअर पाहिला. टॅली, प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन, सगळं सुरळीत.

घोडं अडलंय टीडीएसच्या आरपीयूवर (रिटर्न तयार करायची युटिलिटी). ती डी ड्राइव्हवर अनझिप करून बॅच फाइलने उघडतात, आणि स्क्रिप्टचा नियम तिलाच रोखतो. बॅच फाइलला सही नसते, म्हणजे पब्लिशरचा (सहीवरून ओळखणारा) नियम बाद. हॅशचा (त्याच एका फाइलच्या ठशावरून ओळखणारा) केला तर नवं व्हर्जन आलं की परत माझी फेरी. पाथचा (फोल्डरवरून ओळखणारा) केला तर तो फोल्डर अकाउंटंटला लिहायला मोकळा, उद्या त्यात काहीही येईल.

पाथचा नियम फक्त स्क्रिप्टपुरता आणि एकट्या अकाउंटंटच्या युजरला दिला, त्या फोल्डरातल्या ईएक्सई बंदच ठेवल्या, तर धोका कितपत उरतो? की बॅच फाइल सोडून प्रोग्राम फाइल्समधल्या जावाने थेट जार (आरपीयूची जावा फाइल) उघडावी? कुणी तसं चालवतंय का?